आधी आमचं दहा दिवसांचं बिल करून दाखवा : दूध संस्थांच्या संचालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
गोव्यातील सर्व सहकारी दूध संस्था

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याभरात सत्तरी आणि डिचोलीतल्या तीन संस्थांचे संचालक माझ्याकडे येऊन गेले. तिघांचा प्रश्न एकच : ताई, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? प्रत्येकाच्या पिशवीत तीन-चार कोटेशनं होती, रंगीत माहितीपत्रकं होती. आपल्या संस्थेला नेमकं काय हवं आहे, हे लिहिलेला कागद मात्र एकाच्याही पिशवीत नव्हता. तो कागद कुठे आहे म्हणून विचारलं तर एक जण म्हणाले, "ते कंपनीवालेच सांगतात ना सगळं." त्यांच्या या उत्तरामुळेच मी हे पत्र लिहायला बसले.

मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना काम केलं आहे. आधी अकरा वर्षं एका संगणक कंपनीत होते. गावोगावच्या संस्थांमध्ये जाऊन सॉफ्टवेअर दाखवायचं, बसवायचं, शिकवायचं, हे माझं काम होतं. पुढे सत्तरीतल्या एका दूध संस्थेची सचिव झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. म्हणजे मी विकलंही आहे आणि विकत घेऊन पस्तावलेही आहे.

पस्तावले त्या सकाळची गोष्ट आधी सांगते. जुलै महिना, पावणेसहाची वेळ. दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की फॅटचा आकडा ओरडून सांगावा लागत होता. नवी यंत्रणा सुरू होऊन दहा दिवस झाले होते आणि आदल्या संध्याकाळी पहिलं बिल वाटलं होतं. एक गाय पाळणारी, सकाळी जेमतेम अडीच लिटर दूध घालणारी एक म्हातारी बाई रांगेतून पुढे आली. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या, एक जुनी हाताने लिहिलेली आणि एक नवी छापलेली. नवी चिठ्ठी इंग्रजीत होती. ती तिला वाचता येत नव्हती, पण आकडे तिला बरोबर कळत होते. फॅट दोन्हीकडे ४.०, दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा दोन्हीकडे २९, आणि दर मात्र नव्या चिठ्ठीत कमी. तिने मला विचारलं, "बाय, म्हजें दूद पातळ जालें?"

मी तिथेच चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, काढताना लॅक्टोमीटरच्या आकड्याला ४ ने भागायचं. २९ भागिले ४ म्हणजे ७.२५. आमच्या जुन्या पद्धतीत त्यात फॅटचा पाव भाग आणि वर ०.४४ मिळवायचे. ७.२५ अधिक १ अधिक ०.४४, झाले ८.६९. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फॅटला ०.२१ ने गुणून वर ०.३६ मिळवलेले होते. ७.२५ अधिक ०.८४ अधिक ०.३६, झाले ८.४५. दोन्ही सूत्रं डेअरीच्या धंद्यात चालतात. पण आमचं दरपत्रक पहिल्या सूत्रावर बांधलेलं होतं आणि त्यात ८.५ च्या खाली दर उतरत होता. दूध तेच, गाय तीच, आणि बाई दहा दिवस ८.५ च्या खालच्या ओळीत.

एकशे त्रेचाळीस सभासदांची दहा दिवसांची बिलं आम्ही हाताने परत केली. फरक चुकता केला. तरीही सात जणांनी दूध बाहेर घालायला सुरुवात केली, त्यातले चारच परत आले. त्या बाईंनी संस्था सोडली नाही. पण पुढचे कित्येक महिने त्या प्रत्येक चिठ्ठी माझ्याकडून तपासून घेत आणि मगच पिशवीत ठेवत.

कंपनीने आम्हाला फसवलं नव्हतं, हे मी आजही सांगते. त्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या राज्यातल्या संस्थांसाठी लिहिलेलं होतं आणि तिथे ते बरोबर चालत होतं. एसएनएफ निघतो का, असं आम्ही विचारलं. ते हो म्हणाले, आणि ते खरंच होतं. कुठल्या सूत्राने काढता, हे आम्ही विचारलं नाही, कारण दुसरं सूत्र असतं हेच आमच्या संचालकांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं, केंद्रावर चाचणी करणाऱ्या मुलीलाही माहीत होतं. खरेदीच्या बैठकीला मात्र आम्हा दोघींना कुणी बोलावलं नव्हतं.

म्हणून पहिली विनंती ही, की गरजांची यादी बैठकीच्या खोलीत बसून करू नका. तिथे "दूध संकलन, बिल, खतावणी, अहवाल" अशा चार ओळी तयार होतात आणि त्या चार ओळी बाजारातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतात. खरी गरज केंद्रावर, पशुखाद्याच्या गोदामात आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत सापडते. रोजचा साधा दिवस कुठलीही प्रणाली निभावून नेते. आडवे दिवस लिहून काढा.

आमच्याकडचे आडवे दिवस सांगते, तुमच्याकडचे तुम्हीच आठवा. दूध आम्ही मापाने, म्हणजे लिटरने घ्यायचो. नव्या यंत्रणेबरोबर वजनकाटा आला आणि तो किलो दाखवू लागला. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून काट्यावरचं वजन १.०३ ने भागून लिटर काढायचे. आता समजा एका केंद्रावर काटा बिघडला आणि मुलीने जुन्या मापाने लिटर मोजून तोच आकडा टाकला. सॉफ्टवेअर त्यालाही १.०३ ने भागतं. हजार लिटर दुधामागे जवळपास २९ लिटर कागदावरून नाहीसे होतात आणि ते शेतकऱ्याच्याच खात्यातून जातात. काटा बंद असताना काय करायचं, ही एक गरज आहे. ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

दुसरं, उणे बिल. गाय आटली की दूध थांबतं, पण तिचं खाणं थांबत नाही. सभासद पशुखाद्याची गोणी उधारीवर नेतो, कर्जाचा हप्ता असतो, आणि दहा दिवसांत दुधाचे पैसे वजावटीपेक्षा कमी होतात. आमच्या वहीत आम्ही उरलेली रक्कम पुढच्या बिलात ओढायचो. सॉफ्टवेअरला उणे आकडा चालतच नव्हता. ते अडायचं, म्हणून काम करणाऱ्या मुलाने वजावटीच्या रकान्यात शून्य टाकायला सुरुवात केली. त्याचं काम सुटलं, आणि मार्चअखेरीला पशुखाद्याच्या खात्यात तूट दिसली. वजावटीत आधी कर्ज की आधी खाद्य, हाही प्रश्न होता. त्याचा आमच्याकडे ठराव होता, पण तो इतिवृत्ताच्या वहीत. कंपनीला त्याची प्रत कुणी दिलीच नव्हती.

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, आगाऊ रक्कम ही आणखी एक गोष्ट. ती घाटापलीकडच्या संस्थांना अशा रूपात ठाऊक नसते. चवथीआधी उचल द्यायची, पुढच्या काही बिलांतून ती सोडवून घ्यायची, आणि एखाद्याच्या घरी आजारपण असेल तर दोन बिलं थांबायचं. एकाच वाड्यावर एकाच नावाचे तीन गावकर, हीही गोष्ट तशीच. सभासद नवऱ्याच्या नावाने, दूध घालते बायको, बँक खातं मुलाचं. सरकारी अनुदान खात्यात जमा व्हायचं तर नाव जुळलं पाहिजे. आणि पावसात वीज गेली, नेटवर्क गेलं की रांगेतली माणसं आणि कॅनमधलं दूध थांबत नाही. इंटरनेटशिवाय दोन दिवस चालेल का, आणि जोडणी परत आल्यावर तोच आकडा दोनदा तर चढणार नाही ना, हे आमच्या डोंगरातल्या केंद्रांना दरपत्रकाइतकंच महत्त्वाचं होतं.

अशी यादी करायला दोन-तीन आठवडे लागतात. ती लागू द्या.

आता विकणाऱ्याच्या बाजूचं सांगते. ग्राहक "हे होतं का?" असं विचारतो तेव्हा समोरचा तीन तऱ्हेची उत्तरं देतो. "आहे", "करून देऊ" आणि "होईल". आपल्याकडे तिसऱ्या उत्तराला "जातलें" म्हणतात. ऐकताना ही तिन्ही सारखीच वाटतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. "आहे" म्हणजे आत्ता, तुमच्यासमोर, पडद्यावर दाखवता येतं. "करून देऊ" म्हणजे ते लिहावं लागेल, त्याला माणूस, दिवस आणि पैसे लागतील. "होईल" म्हणजे विकायला आलेल्या माणसालाच ते नीट माहीत नाही आणि त्याला नाही म्हणायचं नाही. मी स्वतः कितीतरी वेळा "होईल" म्हटलं आहे. खोटं बोलायचा हेतू नव्हता. ऑफिसमधला प्रोग्रामर करू शकेल असं वाटायचं, आणि महिन्याचं उद्दिष्ट डोक्यावर असायचं. नंतर तो प्रोग्रामर सोडून जायचा आणि ग्राहकाला तोंड दाखवणं मला कठीण व्हायचं.

म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ही तीनच उत्तरं मागा, लेखी मागा. जिथे "आहे" लिहिलं असेल तिथे बघून घ्या. जिथे "करून देऊ" असेल तिथे तारीख आणि रक्कम लिहून घ्या आणि तो कागद कराराला जोडा. जिथे "होईल" असेल ती ओळ "नाही" समजा आणि त्या "नाही"वर तुमची संस्था चालेल का, याचा विचार करा. काही ओळींवर चालेल. उणे बिलावर चालणार नाही. एखादा विक्रेता सरळ "हे आमच्याकडे नाही" असं लिहून देत असेल तर त्याला कमी लेखू नका. माझ्या अनुभवात तसं लिहून देणारेच पुढे फोन उचलतात.

आणि नुसत्या उत्तरांवर थांबू नका. विक्रेत्याचं प्रात्यक्षिक त्याच्या आकड्यांवर चालतं. त्याच्या सभासदांची नावं सोपी असतात, बिलं गोल असतात, गाई कधी आटत नाहीत. त्याला तुमचे गेल्या ऑगस्टमधले दहा दिवस द्या. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, खाद्याची उधारी, उचल, कर्जाचे हप्ते, सगळं आहे तसं. नावं झाकून सभासद क्रमांक द्या. त्याला सांगा, हे बिल करून आण. मग ते तुमच्या वहीतल्या बिलाशी पैशापैशाने जुळवा. जिथे जुळत नाही तिथे बोट ठेवून विचारा. कधी त्याची चूक निघेल, कधी तुमच्या वहीचीही निघेल. माझ्या एका ओळखीच्या संस्थेत अशा जुळवणीत वजावटीची एक चूक सापडली, ती हाताच्या हिशेबात तीन वर्षं चालत आली होती. दोन-तीन विक्रेते इतकी मेहनत करायला तयार होणार नाहीत. तेही कोटेशन उघडण्याआधीच कळलेलं चांगलं. तयार होणाऱ्याला त्या कामाचे थोडे पैसे द्यावे लागले तरी द्या.

या सगळ्याची दुसरीही बाजू आहे, ती संचालकांना ऐकायला आवडत नाही. सगळं आमच्या पद्धतीनेच व्हायला हवं, हा हट्टही संस्थेला बुडवतो. जर्मनीतल्या लिडल या दुकानसाखळीने २०११ च्या सुमारास सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली आपल्या मालाच्या हिशेबासाठी बसवायला घेतली. लिडल आपल्या साठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरत असे आणि ती प्रणाली मुळात विक्रीच्या दराने धरायची. पद्धत बदलायची नाही असं लिडलने ठरवलं, मग प्रणालीच वाकवत गेले. २०१८ साली काम सोडून दिलं तोवर, तिथल्या वृत्तपत्रांनी दिलेल्या आकड्यानुसार, सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. एवढ्या श्रीमंत कंपनीला जे झेपलं नाही ते आपल्या संस्थांना कसं झेपेल?

आमच्याकडेही असाच एक हट्ट झाला. दर संकलनानंतर तीन चिठ्ठ्या निघायच्या. तिसरी चिठ्ठी दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी, जुन्या काळी तो तिच्यावर सही करून परत द्यायचा. ती पद्धत बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी तिन्ही चिठ्ठ्या तशाच हव्यात असा आमचा आग्रह होता. कंपनीने पैसे घेऊन दोन महिने त्यावर घालवले, आणि त्याच दोन महिन्यांत उणे बिलाचं काम मागे पडलं. ती तिसरी चिठ्ठी पुढे कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

कुठे वाकायचं आणि कुठे नाही, यासाठी मी स्वतः एक कसोटी लावते. शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा, सहकार कायदा आणि लेखापरीक्षण, आणि केंद्रावरच्या माणसाला पहाटे करता येईल असं काम, या बाबतीत प्रणालीने आपल्याप्रमाणे वागावं. अहवालाची मांडणी, वह्यांची नावं, चिठ्ठीचा आकार, यात आपण प्रणालीप्रमाणे बदलावं. चिठ्ठी मराठीत किंवा कोकणीत, देवनागरीत छापली जाणं मात्र मी पहिल्या यादीत धरते. ज्याचं दूध आहे त्याला ती वाचता आली पाहिजे.

विक्रेत्याची कुवत म्हणजे फक्त त्याचं सॉफ्टवेअर नव्हे. त्याच्याकडे माणसं किती, ती बसतात कुठे, सकाळी सहाला फोन केला तर कोण उचलतं? दुपारी बारापर्यंत मदत मिळेल, हे उत्तर दूध धंद्यात कामाचं नाही. त्याच्या दोन जुन्या ग्राहकांकडे जा, आणि त्याला बरोबर न घेता जा. तिथल्या सचिवाशी बोलण्याआधी बिलं करणाऱ्या मुलाशी बोला. त्याला विचारा, सॉफ्टवेअरच्या बाहेर अजून कुठली वही ठेवता? ठेवत असेल तर का, ते समजून घ्या. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अशा लपवलेल्या वह्यांनी.

कायदा आणि दर बदलले की काय होतं, तेही बघून घ्या. बऱ्याच संस्था काउंटरवर तूप विकतात. २२ सप्टेंबर २०२५ ला तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर तारखेशिवाय नुसता साठवलेला असतो, तिथे दर बदलला की ऑगस्टचं जुनं बिलही पुन्हा छापताना ५ टक्के दाखवू शकतं. विक्रेत्यासमोर बसा आणि दर बदलण्याआधीचं एक बिल परत छापून मागा. पाच मिनिटांचं काम आहे. दुधाच्या दरपत्रकाचीही तशीच परीक्षा घ्या. नवा दर महिन्याच्या मध्यापासून लागू झाला तर आधीचे दिवस जुन्याच दराने राहतात का?

आणि करार संपल्यावर आपली सगळी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात, दुसऱ्या कुणालाही वाचता येईल अशी परत मिळेल, हे करारात असू द्या. वीस वर्षांची खाती दुसऱ्याच्या कुलपात ठेवून कुणाशी घासाघीस करता येत नाही.

कमी दराच्या कोटेशनबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्ही तिथे अडकता ते भीतीपोटी, हे मला कळतं. जास्त दराने घेतलं तर सभेत प्रश्न येतो, लेखापरीक्षक शेरा मारतो. पण तुमच्याकडे ओळीओळीची यादी, तीन उत्तरांचा कागद आणि जुळवलेलं बिल असेल, तर निर्णय का घेतला ते कुणालाही दाखवता येतं. "करून देऊ"च्या रकमा मिळवल्या की सर्वांत कमी कोटेशन बऱ्याचदा सर्वांत कमी राहतही नाही. शेवटचा मोठा हप्ता मार्चअखेरचा ताळेबंद निघेपर्यंत राखून ठेवा.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिथे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकच आहे, निवडायचा प्रश्न नाही. आपल्यापैकी काही जण म्हणतात, आम्हालाही असंच वरून मिळावं. मिळालं तरी तुमच्या चवथीच्या उचलीचा नियम आणि एसएनएफचं सूत्र वरून येणार नाही. ते तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. मला तर वाटतं, शेजारच्या चार संस्थांनी एकत्र बसून एकच यादी केली तर विक्रेताही ती जास्त मनावर घेईल. अशी बैठक कुणी बोलावणार असेल तर मी माझ्या जुन्या वह्या घेऊन येईन.

तोपर्यंत एवढंच करा. खरेदीच्या पुढच्या बैठकीला सचिवाबरोबर केंद्रावर चाचणी करणारी मुलगी आणि गोदाम सांभाळणारा माणूस यांनाही बोलवा, त्यांना खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या. बैठक सकाळी साडेनऊनंतर ठेवा. त्याआधी त्यांना दूध सोडून येता येत नाही.

आपली,
सत्तरीतल्या एका दूध संस्थेची निवृत्त सचिव